मोबाईलला न दिसलेले बैल

दगडूमामा गेल्याचं मला चार तास उशिरा कळलं. सुरतेकडच्या ज्या गोदामात मी पार्सलांवर यंत्र फिरवतो, तिथं मोबाईल गेटवर जमा करावा लागतो. दुपारी पाळी सुटल्यावर तो हातात घेतला, तर मामेबहिणीचे अकरा फोन येऊन गेलेले. मी लावल्यावर ती एवढंच म्हणाली, "दादा, आता सावकाश ये... नेलं त्यान्ला." याला सव्वा महिना झाला.

बाप गेल्यावर मामांनीच मला तलवाड्याला आणून वाढवलं. सातवीनंतर माझी शाळा सुटली, ती माझ्याच करणीनं. मामांनी दोनदा हाताला धरून परत नेऊन बसवलं होतं. हरण्या अन् कोसा ही त्यांची बैलजोडी. दिवाळीनंतर बैलगाडी जुंपून ऊसतोडीला जायचं. गाडीवाल्याला टोळीत वेगळा मान, नुसता कोयता घेऊन आलेल्याला वेगळा. "बैल हायत तवर आपण माणसांत हाय," मामा म्हणायचे.

त्या साली पावसानं पाठ फिरवली अन् गावाबाहेरच्या माळावर सहकारी संस्थेनं चारा छावणी उघडली. प्रत्येक जनावराच्या कानात पिवळा बिल्ला ठोकला. रोज त्यावरच्या रेघा मोबाईलनं टिपायच्या, मगच चारा. खोटी जनावरं दाखवून चारा उचलणं त्यानं थांबलं, हेही खरं. ते टिपायचं काम मला मिळालं, मामांमुळंच. संस्थेच्या सेक्रेटरींना म्हणाले, "आमचा भाचा शाळंत टिकला न्हाई, पर मोबाईल लई झटकन चालवतो." सावलीतलं काम मला आयुष्यात पहिल्यांदा मिळालं होतं...

पाऊस आलाच नाही, तेव्हा पोळाही छावणीतच आला. धुवायला पाणी कुठलं? मामांनी ओल्या फडक्यानं बैल पुसले, खांद्यांना हळद-तेल चोळलं. आमच्याकडं त्या दिवशी बैलाच्या अंगावर जुनं काही ठेवत नाहीत. वेसण, कासरा, म्होरकी, सगळं नवं. जुनं कापून जाळायचं. मामांनी वेसणींबरोबर दोघांच्या कानांतले बिल्लेही कापले अन् जाळात टाकले.

दुसऱ्या दिवशी सकाळी चाऱ्याच्या रांगेत मी विचारलं, "मामा, हे काय केलंत?"

"कावून? सणाला जुनं ठिवत्यात का रं? दे की नवं ठोकून."

"आता बारसं घाला बैलांचं!" मागून कुणीतरी ओरडलं. सगळे हसले. मीही हसलो.

पण बिल्ल्याशिवाय मोबाईल काही पुढं सरकेना. सेक्रेटरींनी तालुक्याला फोन लावला. नवे बिल्ले वरून यायचे, मग नोंद, तोवर चारा नाही. "दगडूराव, बैल मला दिसत्यात," ते म्हणाले, "पर मोबाईलला दिसत न्हाईत. मी काय करू?" शेजाऱ्यांनी दोन दिवस आपल्यातली पेंढी दिली. पण त्यांच्याही जनावरांच्या बरगड्या मोजता येत होत्या.

चौथ्या दिवशी मामा माझ्याजवळ येऊन बसले. छावणीत मेलेल्या दोन गाईंचे बिल्ले माझ्या पेटीत होते, त्या मेल्याचं अजून मी वर कळवलं नव्हतं. मामांना ते माहीत होतं. हळूच म्हणाले, "त्येवर चार दिस भागव की रं."

"सापडलो तर माझं काम जाईल, मामा."

त्यांनी एकदा पेटीकडं बघितलं. मग उठले. "मग नगं बाबा. तू नगं अडकू." हा विषय त्यांनी पुन्हा कधी काढला नाही. आठवड्याच्या बाजारात जोडी गेली. त्यानंतर पाचव्या दिवशी नवे बिल्ले आले.

पुढं मामा दुसऱ्याच्या गाडीमागं कोयता घेऊन गेले. मला मात्र छावणीतल्याच सवयीवर गोदामात काम लागलं. मोबाईलमुळं प्रगती झाली म्हणतात. माझी झालीच की! मी आजही पेटीवर यंत्र धरतो, ते वाजत नाही तोवर पुन्हा पुन्हा फिरवतो. न वाजलेली पेटी बाजूला फेकतात.

दहाव्याला घरी गेलो. माणसं पांगल्यावर मामीनं मला वाढलं अन् स्वतः बसली. बसता बसता भाकरीचा चतकोर मोडून ताटाबाहेर काढला. मी बघतोय हे पाहून म्हणाली, "त्यान्चं असं असायचं. बैलांचा घास. बैल गेले तरी काढायचे... जेवून गोठ्यापतुर जायाचे, अन् हातात तसाच घिऊन माघारी यायाचे."

चतकोर आमच्या दोघांच्या मधी पडून होता. तिनं तो उचलला नाही. मलाही उचलवला नाही.