आर्लिसच्या काठीवरची खूण

सांगायचं ते आधीच सांगून टाकतो. चूक आर्लिसची नव्हती. आमच्या तळ्याकाठी अजूनही काही जण कॉफी पिता पिता मान हलवतात आणि म्हणतात, "वय झालं तिचं, दुसरं काय." त्यांच्यासाठीच मी हे लिहायला बसलोय. सावकाश लिहिणार आहे, कारण रागाच्या भरात भराभर लिहिलं की माणूस खोटं लिहून जातो.

आर्लिस हाउगेन माझी चाळीस वर्षांपासूनची शेजारीण. तिचा धक्का आणि माझा धक्का, मध्ये एक वाकडं बर्चचं झाड, एवढंच अंतर. एकतीस वर्षं तिनं शाळेची बस चालवली. जानेवारीतल्या सकाळी पापणीला पापणी चिकटते, तेव्हासुद्धा ती शेताशेतावरून पोरं गोळा करत फिरायची. गोठा आणि दुधाची टाकी यांच्यामधल्या बोळातून ती अख्खी बस उलटी काढायची. आरशात एकदा बघायची, दुसऱ्यांदा नाही. नवरा लॉइड सहा हिवाळ्यांपूर्वी गेला. लॉइडला मासेमारीचा भारी कंटाळा. तो धक्क्यावर खुर्ची टाकून एकट्यानंच पत्ते लावत बसायचा. बोट आर्लिसची, गळ आर्लिसचे, माशांच्या जागाही आर्लिसलाच ठाऊक. हे मी मुद्दाम सांगतोय. ज्याला त्याला वाटतं की बोट नवऱ्याची होती आणि बायको आता तिच्याशी खेळतेय.

आमचा मासा वॉलाय. भारी लहरी. तळं आरशासारखं निवांत असलं की हा तळाशी तोंड मिटून पडतो. वाऱ्यानं पाणी खडबडीत झालं की मग खातो. म्हणजे मासा हवा असेल तर वाऱ्यात जायला हवं. आणि हलक्या बोटीचं नाक वाऱ्यात घातलं, की वारा त्या नाकाला धरून बोट भिरकावतो. म्हणून आमचे जुने लोक उलटे जातात. मागच्या फळीला मोटर लावायची, फळी वाऱ्याकडे करायची आणि बोट पाठीकडून हळूहळू लाटांत सारायची. लाट फळीवर आपटते, मांडीवर गार पाणी येतं, पण गळाची दोरी खाली सरळ उभी राहते. असं उलटं जाणं आर्लिससारखं या तळ्यावर कुणालाच जमत नाही. मलाही नाही.

दोन वर्षांपूर्वी तिच्या उजव्या खांद्यात धातूचा सांधा बसवला. पेट्रोलच्या मोटरीची दोरी ओढणं त्या दिवसापासून संपलं. मग शहरातून तिचा मुलगा कर्टिस आला. माणूस चांगला आहे, आईवर जीव आहे त्याचा, पण त्याची काळजी म्हणजे ओलं घोंगडं. ऊब कमी, ओझं जास्त.

"आई, आता बोट विकून टाकू."

"विजेची मोटर लावते. तिला दोरी नसते. बटण असतं."

"एकटी जाणार?"

"मग काय पाद्रीबुवांना घेऊन जाऊ?"

शेवटी ठरलं ते असं. मे महिन्यात मासेमारीचा मोसम उघडतो, त्या शनिवार-रविवारी कर्टिस येणार. आर्लिसनं एकटीनं, वाऱ्यात, उंचवट्यावर बोट एका जागी धरून दाखवायची. उंचवटा म्हणजे तळ्याच्या मधोमध पाण्याखाली असलेली दगडांची पाठ. जमलं तर बोट तिची. नाही जमलं तर बोट विकायची आणि तिनं चकार शब्द काढायचा नाही. दोघांनी हात मिळवले. मी साक्षीला होतो.

एप्रिलमध्ये बर्फ फुटला तशी आर्लिस बोटीजवळ गुडघ्यावर बसली. हातात लाकडाची एक काठी, कानावर पेन्सिल. मागच्या फळीच्या माथ्यापासून पाण्याच्या रेषेपर्यंत तिनं मोजलं. मग त्याखाली वीतभर, कारण मोटरीचा पंखा पाण्याखाली निदान वीतभर हवाच. मग लाटेत फळी वर उचलली जाते त्यासाठी आणखी थोडं. तिथं तिनं खूण केली आणि म्हणाली, "एवढा दांडा. छत्तीस इंच. रेटा पंचावन्न पौंडांचा पुरे. बाकी सगळी सजावट."

लोक मोटर घ्यायला जातात तेव्हा रेटा विचारतात. किती पौंड, किती जोर, जसा काही बैल विकत घेतायत. मोटरीपासून खाली पंख्यापर्यंतचा दांडा कुणी विचारत नाही. पंखा हवेत फिरायला लागला, तर शंभर पौंडांचा रेटा घेऊन काय चाटायचाय?

ती काठी घेऊन आम्ही दोघं गावातल्या बोटीच्या दुकानात गेलो. टॉड नावाचा माणूस पुढं आला.

"या या! काय दाखवू, तरुणी?"

शहात्तर वर्षांच्या बाईला तरुणी. हा आमच्याकडचा अपमान आहे. तो हसत करतात आणि त्यावर हसावं अशी अपेक्षाही ठेवतात. आर्लिस हसली नाही. तिनं काठी पुढं केली. टॉडनं काठीकडे बघितलंही नाही. माझ्याकडे वळला.

"बोट किती फुटी, साहेब?"

आणि मी सांगितलं, "सोळा." बोट माझी नाही, मोटर मला नको, तरी उत्तर मी दिलं. ते मला अजून खुपतं. मग टॉडनं मलाच नाकावर बसवायची मोटर दाखवली. उपग्रहाकडून जागा समजून घेते, बोट एका जागी आपोआप धरून ठेवते, हातातल्या रिमोटवर चालते.

"मला मागच्या फळीची हवी. हाताच्या मुठीची," आर्लिस म्हणाली.

"ती आता कोण घेतं? आणि काठीनं मोजायचे दिवस गेले. कॉम्प्युटरमध्ये बोटीची लांबी घातली की तोच सांगतो."

"नाकाची उंची सांगतो का?"

"साहेब," टॉड मला म्हणाला, "यांच्या मुलाला फोन करायला सांगा ना."

आर्लिसनं काठी काखेत मारली आणि ती बाहेर पडली. गाडीत वीस मैल ती काठी मांडीवर धरून बसली. मग एवढंच म्हणाली, "सोळा म्हणे."

मोसम उघडतो त्याच शनिवार-रविवारी आमच्याकडे मातृदिनही येतो. दरवर्षी त्यावरून घराघरांत धुसफूस होते. कर्टिसला वाटलं, एका दगडात दोन्ही कामं उरकावीत. शुक्रवारी संध्याकाळी तो आला तो मोठं खोकं घेऊनच. नाकावरची मोटर, बेचाळीस इंची दांडा, रिमोट. टॉडनंच निवडून दिलेली.

"तुला जागचं उठायलासुद्धा नको, आई. मागच्या बाकावर बसायचं आणि बटण दाबायचं."

"अरे, कशाला एवढं," आर्लिस म्हणाली. आमच्या लोकांचं हे असं. भेट मिळाली की तोंडावर नको म्हणता येत नाही, मग ती पायात खिळा ठोकणारी का असेना. ती काठी घेऊन यायला शेडमध्ये गेली. परत येईपर्यंत कर्टिसनं नाकावर चार भोकं पाडली होती.

शनिवारी सकाळी दोघं गेले. हवेत बर्फाचे चार-दोन पांढरे कण उडत होते, वारा बऱ्यापैकी. कर्टिस नाकावर उभा, आर्लिस मागे. मी धक्क्यावरून बघत होतो. मोटर सुरेख चालली. उंचवट्यावर बोट खुंटीला बांधल्यासारखी उभी राहिली. कर्टिसनं मला दोन्ही हात उंचावून दाखवले. परत आल्यावर छाती फुगवून आईला म्हणाला, "बघितलंस? मोटर परीक्षेत पास. आता उद्या तू."

आर्लिस बोटीच्या नाकाकडे टक लावून बघत होती. तिनं तेव्हाच बोलायला हवं होतं, असं काही जण म्हणतात. दिलेल्या भेटीला नावं ठेवायची कशी, हे त्यांनी तिला शिकवावं.

रविवारी वारा वायव्येचा, कालच्याएवढाच. आर्लिस एकटी निघाली. मागच्या बाकावर ती, तिच्या पायाशी जड बॅटरी, पुढं कुणीच नाही. धक्क्याच्या आडोशाला ठीक चाललं. उंचवट्याजवळ पहिली मोठी लाट आली, नाक वर गेलं, आणि मोटरीनं किंकाळी फोडली. पंखा हवेत. नाक खाली आलं, पंख्यानं दोन हात ओढलं, की पुन्हा लाट, पुन्हा किंकाळी. वाऱ्यानं नाक धरलं आणि बोट आडवी केली. ती आडवी होऊन लव्हाळ्यांकडे वाहत गेली. मग आर्लिसनं वल्ही काढली. त्या खांद्यानं ती वल्हवत आली. तिला धक्क्याला लागायला पाऊण तास लागला. एवढा वेळ आम्ही दोन धट्टेकट्टे पुरुष उभे राहून बघत होतो.

कर्टिसनं दोर धरला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, हेही सांगितलं पाहिजे. "पुरे झालं, आई. काल हीच मोटर, हेच पाणी, हाच वारा. मोटर चालते. आपलं ठरलं होतं."

आणि मी? मी मान हलवली. वय झालं, असं माझ्याही मनात आलं. लिहून ठेवतो.

आर्लिस धापा टाकत धक्क्यावर चढली, ओले हातमोजे काढले, शेडमध्ये गेली आणि काठी घेऊन आली.

"कर्टिस, जा, काल उभा होतास तिथं उभा राहा."

"आई, आता..."

"उभा राहा म्हणते ना."

तो नाकावर उभा राहिला. नाक मुकाट्यानं खाली बसलं. आर्लिसनं धक्क्यावर पालथं पडून काठी लावली, पाण्याच्या रेषेवर पेन्सिलीनं खूण केली. "आता मागे जाऊन माझ्या बाकावर बस." तो मागे गेला आणि नाक डुलत डुलत वर आलं. तिनं दुसरी खूण केली. दोन खुणांमध्ये वीतभर अंतर. पंख्याला पाण्याखाली हवी असते ती हीच वीत.

"काल परीक्षा मोटरीची नाही झाली," ती म्हणाली. "तुझ्या पोटाची झाली. पोट पास झालं."

मला हसू फुटलं. कर्टिस कानापर्यंत लाल झाला. थोड्या वेळानं म्हणाला, "मग पुढं दगड ठेवू."

"तुझ्याएवढे दगड मी रोज चढवू-उतरवू? या खांद्यानं? दुकानात मी ज्या मोटरीची खूण घेऊन गेले होते, ती आण. एकानंही ही काठी बघितली नाही. ना त्या टॉडनं, ना तू." मग माझ्याकडे वळली. "आणि तू म्हणे सोळा!"

सोमवारी कर्टिसनं रजा टाकली आणि आम्ही तिघं दुकानात गेलो. गिऱ्हाइकांची गर्दी होती. टॉड हसत पुढं आला. "कशी आहे आमची तरुणी?"

आर्लिसनं काठी काउंटरवर आडवी ठेवली. आवाज चढवला नाही. बसमध्ये साठ पोरं गप्प करणारा आवाज चढवावा लागत नाही.

"टॉड, तिसरीपासून आठवीपर्यंत तुला मी शाळेत पोचवलं. तू मागच्या बाकावर बसायचास, आणि वळण आलं की ओकायचास. तुझ्यासाठी मी बादली ठेवायचे. तेव्हा तू मला हाउगेनबाई म्हणायचास. आता पुन्हा म्हण."

टॉडनं कर्टिसकडे बघितलं. कर्टिस छताकडे बघत होता. टॉडनं माझ्याकडे बघितलं. मी या वेळी तोंड मिटून उभा राहिलो. त्या दुकानात मी केलेलं तेवढंच एक चांगलं काम.

"काय दाखवू... हाउगेनबाई?"

"मागच्या फळीची. मूठ लांबवता येणारी. दांडा या खुणेएवढा."

त्यानं आणली, काठीशी लावली. बरोबर जुळली.

"मोटरीचं डोकं उलटं फिरवता येतं?"

"म्हणजे?"

"मी उलटी जाते. पंखा पुढं रेटताना जोर देतो, मागं ओढताना देत नाही. डोकं फिरवून बसवलं की उलटं जाणं हेच त्याचं पुढं जाणं होतं. तू हे विकतोस ना?"

टॉडला माहीत नव्हतं. आर्लिसनं स्क्रूड्रायव्हर मागून घेतला आणि तिथंच एक स्क्रू काढून डोकं फिरवून दाखवलं. रांगेतला एक म्हातारा पुढं वाकून बघत राहिला आणि म्हणाला, "माझीही अशी करून देता का, बाई?" नाकावरची मोटर टॉडनं परत घेतली नाही, भोकं पाडून वापरलेली म्हणून. ती कर्टिसच्या गॅरेजमध्ये आहे. मोटर वाईट नाही. दुसऱ्या कुठल्या बोटीवर ती गुणाची ठरेल.

पुढच्या शनिवारी वारा आदल्या खेपेपेक्षा जास्त होता. कर्टिस म्हणाला, "आज राहू दे, आई, उद्या..." तोवर ती निघालीही होती. उंचवट्याच्या अलीकडे तिनं बोट वळवली, मागची फळी वाऱ्याकडे केली आणि पाठीकडून लाटांत घुसली. लाट आपटत होती, पाणी तिच्या मांडीवर येत होतं. किंकाळी नाही, काही नाही. बोटीचं नाक आमच्याकडे, तिचं तोंड वाऱ्याकडे. एक चकचकीत बोट जवळून गेली आणि आतला पाहुणा ओरडला, "आजी, उलटी चाललीयेस!" तिनं ऐकलं की नाही, कळलं नाही. तिच्या गळाची काठी वाकलेली मात्र दिसली.

कर्टिस बराच वेळ उभा होता. मग धक्क्यावर लॉइडची खुर्ची उघडून बसला. "माझा जीव घाबरतो रे," तो मला म्हणाला. मी म्हटलं, "घाबरू दे. बसून घाबर."

दुपारी ती तीन वॉलाय घेऊन आली. नाकावरची चार भोकं रबर लावून बोल्टांनी बुजवलीत. मी म्हटलं, वरून रंगाचा एक हात मारून देतो, दिसायची नाहीत. ती मासा साफ करत होती, सुरी थांबवून म्हणाली, "दिसू देत."