होडीतला धोंडा

मंडळी, आज शिफ्ट संपवून पेणजवळच्या खाडीवर होडी बघायला गेलो होतो. रोह्याला कुंडलिकेत मी पिसाची खोटी माशी बांधून गळ टाकतो. तो उभं राहूनच टाकावा लागतो, म्हणून होडी लहान पण न डुलणारी हवी होती.

होडीवाले काका म्हणाले, "सपाट बुडाची घे. आधी तिच्या काठावर पाय दे, मग बोल."

दिला. होडी जेमतेम कलली.

"किती माणसं बसणार?"

"दोन," मी म्हणालो. मग आठवलं. वल्हं मारणारा माझा दादा जाऊन चार महिने झाले. "नाय, एकच."

काकांनी बांधावरचा एक धोंडा उचलून होडीत मागे ठेवला. "एकटा पुढं उभा ऱ्हायलास तर टोक दबंल. दुसरा माणूस नसंल तिथं आमी धोंडा ठेवतो."

मला रडू वगैरे आलं नाही. होडी घेतली. धोंडाही मागून घेतला.

टेम्पोतून उतरवताना वहिनी दारात आली. "भावजी, धोंडा कशाला आणलात?"

अजून काही सांगितलेलं नाही. तुम्ही काय सांगितलं असतं?