दोघांत एक कॅसेट

मस्कतला निघालो तेव्हा पोलादपूरच्या एसटी स्टँडवर आईने मला पत्र लिहायला साफ मनाई केली. "मला कुठं वाचता येतंय? टेपमधी बोल. मी ऐकीन." महाडच्या बाजारातून मी सारखेच दोन छोटे टेपरेकॉर्डर घेतले होते, एक तिच्यासाठी आमच्या गावी, कापड्याला, एक माझ्या पिशवीत. कॅसेट मात्र एकच. बाबा म्हणाले, "दुसरी कशाला? ती हाय ना, तिच्यावरच बोला दोघं."

आणि आम्ही तसंच केलं! रजेवर निघालेल्या कुणाच्या तरी हाती कॅसेट जायची, यायची. मी आईचं बोलणं ऐकायचो आणि त्यावरच माझं बोलायचो. तीही तेच करायची. गावात राहिलेल्यांनो आणि माझ्यासारख्या बाहेर पडलेल्यांनो, आपण एकमेकांना पुसतोय हे तेव्हा डोक्यातही आलं नाही. मग फोन आले आणि कॅसेट कापड्यालाच पडून राहिली.

गेल्या वर्षी आईला अर्धांगवायू झाला. उजवी बाजू गेली, वाचाही गेली. या सुट्टीत मी तिचा टेप महाडला नेऊन पट्टा बदलून आणला आणि तिच्या खाटेवर बसून लावला. खरखर येईल वाटलं होतं; आवाज असा भरदार, की समोर कुणी बोलतंय. पण बोलत होतो मी! लेबर कॅम्पातून थापा मारत होतो: ड्यूटी हलकी हाय, जेवण चांगलं हाय. माझा मलाच संताप आला.

माझं संपलं आणि पुढे तिचं जुनं बोलणं थोडं उरलेलं निघालं. "...लावणी झाली. तू येळेवर जेवतोस ना रे? आता काय बोलू? येवढंच." मागे बाबांचा खोकला, भांडी घासल्याचा आवाज. व्हिडिओ कॉलवर यातलं काही ऐकू येत नाही, फोन सगळं गाळून टाकतो. मला रडू आवरेना. रिवाइंड करून पुन्हा ऐकलं, पुन्हा रिवाइंड केलं.

तेवढ्यात आईने डावा हात पुढे केला आणि जुन्या सवयीने प्ले आणि रेकॉर्डची दोन्ही बटणं एकदम दाबली. तिला बोलायचं होतं. तिचा उरलासुरला आवाज पुसला जात होता आणि तिचा हात धरायची माझी हिंमत होईना. ती ओठ हलवत राहिली. मी नुसता बघत बसलो.

टेपसकट ती कॅसेट मी मस्कतला आणली आहे. आता घर म्हणजे तिच्यातला आईचा श्वास आणि मागे अंगणातल्या कोंबड्या. रोज ड्यूटीवरून आलो की लावतो. रूममेट ऐकतो आणि म्हणतो, अरे, यात काही रेकॉर्डच झालेलं नाही.