सोळा तासांचा केर

शनिवारी सकाळी धनेश बायको-पोरीला घेऊन टॅक्सीत बसला आणि चंद्रावतीने केरसुणी दाराआड ठेवून दिली. घरचं माणूस प्रवासाला निघालं की ते पोचेपर्यंत केर काढायचा नाही, हा तिच्या सासूचा नियम. सासूला काय, तिची माणसं जाऊन जाऊन जाणार कुठं, तर जवळच्या आपटा गावाला नाहीतर उरणला. दुपारपर्यंत घर झाडून मोकळं. चंद्रावतीचा एकुलता एक मुलगा मात्र न्यूयॉर्कला राहतो. मुंबईहून साडेबारा हजार किलोमीटर, विमानाने सोळा तास. हे आकडे तिला स्वतःच्या नावासारखे पाठ.

गंमत बघा, पनवेलजवळचं तिचं भातशेत विमानतळात गेलं आणि बदल्यात मिळालेल्या प्लॉटवर तीन मजली घर उठलं. आता दिवसभर डोक्यावरून विमानं जातात, पण तिच्या मुलाला नेणारं विमान काही तिथून सुटत नाही. ते मुंबईहूनच. आणि तीन मजल्यांत ही एकटी.

रविवार गेला, फोन नाही. सोमवारी शेजारच्या गुणाबाईने स्वतःच्या नातीच्या मोबाइलवर बघून घेतलं. विमान कालच उतरलंय, आता तरी घर झाड, पायाला बिस्किटांचा चुरा लागतोय, असं तिने सुनावलं.

"इमान पोचला," चंद्रावती म्हणाली. "माजा धनेश पोचला, ह्या कोनी सांगितला?"

मग तूच फोन लाव, असं गुणाबाईचं म्हणणं पडलं. तेही हिला जमेना. जाणाऱ्याला मागून हाक मारू नये, आणि पोचल्याचं कळत नाही तोवर तिच्या लेखी तो वाटेतच होता. असल्या हट्टापुढे शहाण्याने हात टेकावेत. पण जिवाची तगमग खरी होती. धनेशच्या पोरीचा सोफ्यावर राहिलेला रुमाल तिने तीनदा उचलला आणि तीनदा तिथंच ठेवला.

मंगळवारी संध्याकाळी फोन वाजला. धनेशच होता. तिकडे सकाळ, तो ऑफिसला निघालेला, आवाज ताजातवाना. पोचल्याचं का कळवलं नाहीस, तिने विचारलं.

"आये, उतरल्या उतरल्या मेसेज टाकला तुला. वाचला नाय का?"

चंद्रावती शाळेची पायरी कधी चढलेली नव्हती. जमिनीच्या कागदांवर तिने अंगठा दिला, तेव्हा शाई लावून तो अंगठा दाबणारा धनेशच होता. आईला वाचता येत नाही हे तो विसरून गेला होता. नवरा गेला तेव्हासुद्धा तिला इतकं एकटं वाटलं नव्हतं.

"वाचला रं," ती म्हणाली. "पन तुज्या तोंडशी आयकाचा होता."

धनेश हसला. पुढच्या वेळीही मेसेजच टाकीन, लगेच बघत जा, उगाच काळजी करत बसू नको, असं त्याने बजावलं.

बघीन, ती म्हणाली.