परमिट रूमसमोरचा देव

हे माझ्या बायकोलाही ठाऊक नाही. तुम्हाला सांगतोय — तुम्हालाच का, ते मलाही नीट कळत नाही.

ऐंशीनंतरची ती वर्षं. सुशिक्षित बेकारांना धंद्यासाठी सरकारी योजनेतून बँकेचं कर्ज मिळायचं. मी आणि शेजारचा सुधाकर, दोघांनी एकाच दिवशी अर्ज केले. मला व्हिडिओ पार्लर काढायचं होतं. त्याला हायवेवर, संगमेश्वरच्या अलीकडे, हॉटेल आणि परमिट रूम. माझा अर्ज फेटाळला. त्याचा मंजूर! मी पिक्चर दाखवलेले चालत नाहीत आणि याने दारू पाजलेली सरकारला चालते? मी बी.कॉम., तो बारावीला दोनदा आपटलेला.

माझ्या पोटात दुखायला लागलं. त्याच्या आईने आणून दिलेला पेढा गिळवेना. वर सुधाकर म्हणतो, "गल्ल्यावर तूच बसायचं हां. परक्या मानसावर माजा इस्वास नाय." प्रेमाने म्हणाला हो! तेच सोसवेना. मी — त्याच्या गल्ल्यावर?

देवस्थान जवळ असलं की परमिट मिळत नाही, हे त्यानेच मला सांगितलं होतं. आपली जागा देवळांपासून लांब आहे म्हणून खूश होता बिचारा.

मग मी... नदीतला एक गोटा उचलला. भर दुपारी, माणसं जेवून आडवी झाली असताना, त्याच्या जागेसमोरच्या सातविणीच्या झाडाखाली नेऊन ठेवला. तेलात कालवलेला शेंदूर फासला. वर दोन जास्वंदी. मग रोज जाऊन फूल वाहत राहिलो — दगड नवा वाटू नये म्हणून.

वाटलं होतं, कोणीतरी हसेल, उचलून फेकेल. कुठलं काय! थोड्याच दिवसांत तिथे नारळ फुटायला लागले. वाडीतला एक म्हातारा तर छातीठोक सांगू लागला, "ह्यो राखणदार हाय. माजा आजा हितं कोंबडा द्यायचा." परमिट देणारे एक्साइजचे साहेब पाहणीला आले, त्यांनी आधी चपला काढल्या, मग परमिट नाकारलं. परमिट नाही म्हणून बँकेनेही मंजूर कर्जाचे पैसे दिले नाहीत.

सुधाकरला ती जागा इंच न् इंच माहीत. तिथे दगड नव्हता, हे त्याला कळलं नसेल? त्याने एका लाथेने तो उडवला असता तर... पण तो म्हणाला, "देवाच्याच मनात नाय, तर मी कोन?" आणि बोटीवर खलाशी म्हणून गेला. उभी हयात इंजिनाच्या खोलीत काढली त्याने. आणि खरं सांगू? तो बोटीवर निघाला त्या दिवशी मी पोटभर जेवलो.

गेल्या वर्षी तो कायमचा परतला. साठवलेल्या पैशातून त्या दगडावर स्लॅबचं देऊळ बांधलं. गाऱ्हाणं घालायला मलाच पुढे केलं — "ह्याची भक्ती सगल्यात जुनी." गाव मागे हात जोडून उभं. मी नारळ हातात घेतला. सुधाकरचं भलं कर म्हणालो. त्याच्या वाटेत कोण आडवा आला असेल, तर त्याला बघून घे, असंही म्हणालो.

"व्हय म्हाराजा!" सगळे ओरडले. सुधाकर सगळ्यांत मोठ्याने.