जायच्या आधीच झालेला सत्कार

ही गोष्ट मी ज्याला सांगते तो मधीच हसायला लागतो. पण त्या आठवड्यात मला हसू बिलकुल येत नव्हतं, म्हून पहिल्यापासून सांगते.

उत्तर ध्रुवाकडं जाणाऱ्या एका टीममधी माझी निवड झाली. मी परभणीकडच्या सेलूची. आमच्याकडं थंडी म्हंजे डिसेंबरात पप्पा कानाला मफलर गुंडाळून शाळेत शिकवायला जातेत, तेवढीच. तिकडं बर्फावरून चालायचं आणि आपलं सगळं सामान घसरगाडीवर लादून कमरेच्या पट्ट्यानं ओढायचं. म्हून मी रोज सकाळी ट्रॅक्टरचं जुनं टायर कमरेला बांधून रोडच्या कडंनं ओढायची. मोटरसायकलवाले थांबून विचारायचे, "ताई, ट्रॅक्टर कुठं राह्यलं?" मग बर्फाच्या कारखान्यात जायचं, लादीवर हात ठेवायचे आणि बोटं बधिर झाली की दोरीच्या गाठी मारायच्या. ते सगळं जमायलं होतं. जमंना तो पैसा.

आपापला खर्च ज्यानं त्यानं उभा करायचा होता. पप्पांनी पीएफमधून काढले, मैत्रिणींनी ऑनलाइन गोळा केले, कॉलेजच्या सरांनी दिले. शेवटचा हप्ता राह्यला. सोमवारी संध्याकाळपर्यंत तो न्हाई भरला तर माझी जागा वेटिंगवरच्या पोरीला. पण मला तेवढी फिकीर नव्हती, कारण मोंढ्यातल्या, म्हंजे धान्यबाजारातल्या, व्यापाऱ्यांनी हो म्हणलं होतं. "दोन-चार दिवसांनी चक्कर मार, बघू सगळे मिळून."

आणि मग माझ्या मामानं फ्लेक्स लावला.

मामा म्हंजे आईचा धाकटा भाऊ. लग्नात माईकवर आहेर पुकारायचं काम त्याचं, त्यामुळं त्याला अख्खं सेलू वळखतं. माझ्यावर लय जीव. त्यानं मित्रमंडळाला धरून बसस्टँडपुढं एवढा मोठा फ्लेक्स बांधला. मधी मी, पाठीमागं पांढरं अस्वल, खाली मंडळातल्या सगळ्यांचे गॉगलवाले फोटो, आणि वर ठळक अक्षरात : उत्तर ध्रुव मोहीम यशस्वीरीत्या पूर्ण केल्याबद्दल हार्दिक अभिनंदन.

मी पळतच त्याच्याकडं गेले. "मामा, मी अजून गेलेच न्हाई."

"जाणारच हायस ना माय? मग आत्ता काय आन् नंतर काय."

"लोक काय समजतील?"

"नुसतं जायचंय म्हून कुणी फ्लेक्स लावतंय का? पास झाल्यावर लावतेत, निवडून आल्यावर लावतेत." त्याला खरंच कळत नव्हतं मी कामून चिडले ते.

दुसऱ्या दिवशी मोंढ्यात गेले तर पहिल्याच दुकानात मालकानं पेढा मागितला. दुसऱ्या दुकानात आडत्या म्हणला, "अगं, आता कशाला पैसे? जाऊन आलीस ना?" न्हाई काका, जायचंय अजून, म्हणलं तर त्यानं बाजूच्याकडं बघितलं. "मग फ्लेक्स खोटा का?" हो म्हणलं तर मामाची बेइज्जती, न्हाई म्हणलं तर माझं जाणं बोंबललं. मी दुकानाच्या पायऱ्या उतरले. पुढच्या दुकानांत तर बातमी माझ्या आधीच पोचलेली. कुणी म्हणायचं, सरकारनंच पाठवलं असंल. एक आडत्या तर म्हणला, पोरगी दोनदा पैसे घ्यायलीय. हे ऐकून मी तशीच घरी आले.

त्यात मामानं रविवारी संध्याकाळी सत्कार ठेवला. प्रमुख पाहुणे कापसाच्या जिनिंगवाले शेठ. मी मामाला म्हणलं, माईकवर खरं सांग. तो म्हणला, "सांगतो, पण आधी हार होऊ दे. शेठ यायलेत, पत्रिका वाटल्यात. तू मंचावर गप बस फक्त, माझ्या इज्जतीचा सवाल हाय."

"आन् माझा सोमवार?"

तो खुर्च्या मोजायला निघून गेला.

सत्काराला मंदिराचं सभागृह भरलं. शाली आल्या, नारळं आली, टॉवेल-टोपी आली. शालींचा ढीग माझ्या गुडघ्यापर्यंत. तिकडच्या थंडीत त्यातली एकबी चालणार न्हाई आणि हप्त्यातबी चालणार न्हाई, एवढंच डोक्यात. शेठ बोलायला उठले आणि रंगले. ध्रुवावर या पोरीनं कशी थंडी सोसली, अस्वलं कशी बघितली, तिथं उभं राहून तिला सेलूची कशी आठवण आली. आई पहिल्या रांगेत पदराचं टोक पिळायलेली. पप्पा छताकडं बघायलेले. मग माईक माझ्या हातात आला.

मामा बाजूनं बारीक मान हलवायला होता, न्हाई, न्हाई.

"मी अजून गेले न्हाई," मी म्हणलं. "उद्या संध्याकाळपर्यंत पैसे न्हाई भरले तर जाणारबी न्हाई. फ्लेक्स मामानं प्रेमानं लावलाय, पण चुकलाय."

शेठनी सावकाश चष्मा काढला. "मग मी आत्ता एवढा वेळ कुणाचं कौतुक केलं?"

मागून एक जण बोलला, "शेठ, लग्नाआधीच बारसं झालं." अर्धं सभागृह हसलं. शेठ हसले न्हाईत. मामाचा चेहरा पार उतरलेला. मला वाटलं तो निघून जाईल. तो आला, माझ्या हातातून माईक घेतला, आणि लग्नात काढतो तसला आवाज काढायला गेला. पहिल्यांदा तो निघालाच न्हाई. परत खाकरला.

"चूक माझी हाय. मामाचा आहेर पहिला असतो. मामाकडून." आणि खिशातलं पाकीट होतं तसं टेबलावर ठेवलं.

आमच्याकडं माईकवर एकाचं नाव आलं की दुसऱ्याला बसवत न्हाई. आत्या उठली. पप्पांच्या शाळेतले गुरुजी उठले. मला दोनदा पैसे घ्यायलीय म्हणणारा आडत्यापण आला. मामा एकेकाचं गाव सांगून, नाव सांगून पुकारायला लागला. शेठ मात्र जागचे हलंनात आणि सगळे तिरक्या नजरेनं त्यांच्याकडंच बघायलेले. शेवटी ते मामाला म्हणाले, "माझं नाव आज घेऊ नको. पोरी, कमी किती पडतंय ते सकाळी जिनवर येऊन सांग."

तो राग होता का काय, मला कळंना. रात्री आहेर मोजला तरी हप्त्याला कमीच पडत होता. सकाळी जिनवर गेले तर शेठ परभणीला गेलेले. फोन बंद. मी गेटपाशी बाकावर बसले. कापसाच्या गाड्या आत जायल्या, बाहेर यायल्या. जेवायची सुट्टी झाली, संपली. टीमच्या मॅडमचा मेसेज आला : तुझं काय ठरलं? मी टाईप केलं, पुसलं, परत टाईप केलं, पुसलं.

ऊन कलल्यावर शेठची गाडी आली. त्यांनी काच खाली केली. "मी सकाळी ये म्हणलं म्हून दिवसभर बसायचंच व्हतं का? मुनीमजीला सांगायचं." मग ऑफिसात बसून त्यांनी मोबाईलवरून पैसे टाकले. गोल गोल फिरणारं चिन्ह फिरतच राह्यलं. "सर्व्हर डाऊन हाय वाटतं," ते म्हणाले. मी खुर्चीचा दांडा धरलेला. शेवटी माझ्या फोनवर पैसे जमा झाल्याचा मेसेज आला. मी लगेच पुढं हप्ता भरला. मॅडमचं उत्तर आलं : जागा पक्की.

शेठ म्हणाले, "बस, च्या घे." मी बसलेच होते, तरी परत बसल्यासारखं झालं. इतके दिवस जायला मिळंल का न्हाई याचंच भ्याव होतं. बर्फावर खरंच पाऊल टाकायचंय, तेबी मीच, हे पहिल्यांदा तिथं, च्या गार होईपर्यंत, माझ्या डोक्यात शिरलं.