कट्टर साडभाऊ

लातूर जिल्ह्यानं पुढारी दिले, पहिलवान दिले, साऱ्या मुलखाला पुरेल एवढी तूरडाळ दिली. पण माझ्या साडभाऊंइतका कट्टर माणूस त्या जिल्ह्यानं दुसरा दिला नसावा. हे वाक्य मी नात्यातल्या लग्नांत, बारशांत, पुण्यानुमोदनाच्या मांडवातसुद्धा इतक्या वेळा म्हटलं आहे की, मी ते सुरू केलं की पुढच्या रांगेतली पोरं ते पुरं करतात. त्यानंतर मी पेढ्यांचा किस्सा सांगतो, लोक हसतात, मी पाणी पितो आणि विषय बदलतो. पेढ्यांच्या पुढचा भाग मात्र मी वर्षानुवर्षं टाळला. आमच्या हिलादेखील सांगितला नाही. आता तो ऐकून सगळ्यात जास्त दुखावला असता तो माणूस राहिला नाही, तेव्हा सांगणं सोपं जाईल अशी माझी समजूत होती. तसं काही झालेलं नाही. तरी सांगतो.

साडभाऊ म्हणजे आमच्या हिच्या थोरल्या बहिणीचे, अक्कांचे, यजमान. त्यांची सगळी हयात एसटीत गेली आणि त्यातली शेवटची बरीच वर्षं निलंग्याच्या स्टँडावर कंट्रोलर म्हणून गेली. निवृत्त होऊन ते लातूरला घर बांधून राहिले, पण गळ्यातला भोंगा काही उतरला नाही. घरातली कुठलीही गोष्ट ते साध्या आवाजात सांगत नसत. "प्रवाशांनी लक्ष द्यावे, वरणभात लागत आहे," असं ते स्वयंपाकघराच्या दारातून पुकारत आणि आतून अक्का म्हणत, "फलाटावर आणून देऊ का ताट?" पाहुणा निघाला की त्याची गाडी, तिची वेळ, ती वाटेत कुठं कुठं थांबते आणि कुठं थांबत नाही हे सगळं ते फाटकात उभे राहून जाहीर करीत. गल्लीतली माणसं त्यावर घड्याळं लावायची, असं मी सांगत असतो. तेवढं मात्र माझ्या पदरचं.

त्यांच्या लेखी जगात माणसांचे दोनच प्रकार होते. "साडभाऊ, मी जातपात मानत न्हाई," असं ते म्हणत, "पण हौशी अन् कट्टर एवढा भेद मात्र मानतो." ठेचा भाकरीच्या कडेला लावून खाणारा हौशी, भाकरी ठेच्याला लावून खाणारा कट्टर. ढग पाहून छत्री घेणारा हौशी. माझ्या लग्नाच्या पंगतीत मी तिसऱ्या जिलेबीला हात आडवा केला आणि त्याच वेळी त्यांनी मला कायमचं हौशीत टाकलं. त्यावर दाद ना फिर्याद. मीही ते हसून घेत असे. नांदेडला विष्णुपुरीच्या कॉलेजात मी आयुष्यभर टेबलाशी बसून नोकरी केली. कट्टरपणाची तशी कधी गरज पडली नव्हती.

या भेदाला खरं मैदान मिळालं ते हैदराबादला नोकरी करणाऱ्या त्यांच्या मुलानं दिवाळीत घरी खेळाचं मशीन आणलं तेव्हा. ते टीव्हीला जोडायचं, हातात एक पांढरी काडी धरायची आणि ती हवेत हलवली की पडद्यावरचा चेंडू जायचा. त्या दिवाळीत फराळाकडे कुणाचं लक्ष नव्हतं. अक्का पदर खोचून चेंडू टाकायच्या आणि पडद्यावरचे सगळे खुंटे पडले की स्वतःच टाळ्या वाजवायच्या. आमच्या हिनं टेनिस खेळता खेळता ट्यूबलाइट फोडली. मीही खेळलो आणि, खरं सांगायचं तर, मला फार मजा आली. साडभाऊ मात्र हात मागे बांधून, अपघाताचा पंचनामा करावा तसे उभे होते. शेवटी म्हणाले, "ह्याला खेळ म्हंतेत व्हय? ह्यो तर व्यायाम हाय."

दिवाळी सरल्यावर ते मला घेऊन बाजारात गेले. दुकानदारानं आमची पांढरी डोकी पाहून आदबीनं विचारलं, "काका, मशीन फॅमिलीसाठी पाहिजे का गेमरसाठी?"

"दोन्हीत फरक काय?"

"फॅमिलीवाले हसत खेळतेत. गेमर हसत न्हाई."

"मग गेमरचं काढा," साडभाऊ म्हणाले. दुकानदारानं जड काळा डबा समोर ठेवला, त्याच्यावर दोन्ही हातांनी धरायचं यंत्र ठेवलं आणि सांगितलं की याला कंट्रोलर म्हणतात. "आम्हाला बी तेच म्हणायचे," असं म्हणून साडभाऊंनी ते उचललं ते थेट मांडीवर, पिशवीतसुद्धा न घालता, घरी आणलं.

मशीन पहिल्यांदा सुरू केलं की पडद्यावर इंग्रजीत लांबच्या लांब अटी येतात आणि खाली 'मान्य' असं बटण असतं. जगातला प्रत्येक माणूस तिथं बटण दाबून पुढे जातो. साडभाऊंनी चष्मा पुसला, शब्दकोश मांडीवर घेतला आणि अटी वाचायला सुरुवात केली. ते वाचन संपेपर्यंत टीव्ही दुसऱ्या कामाला मिळाला नाही. अक्कांच्या मालिकेतल्या एका सुनेचं लग्न त्या काळात लागून मोडलंसुद्धा. मी म्हटलं, "अहो, दाबा की. कोण वाचतंय ते!" ते माझ्याकडे वळून म्हणाले, "न वाचता हो म्हणायचं, हे हौशी माणसाचं लक्षण."

त्यांनी निवडलेला खेळही तसाच निघाला. एक गंजक्या चिलखतातला शिपाई ओसाड राज्यातून एकटा चाललेला असतो आणि जो भेटेल तो त्याला मारतो. वाटेत एक पूल होता आणि पुलावर ताडाएवढा धिप्पाड इसम गदा घेऊन उभा होता. साडभाऊ त्याला वॉचमन म्हणत. तो वॉचमन त्यांना रोज संध्याकाळी मारी. साडभाऊ चिडत नसत. यंत्र खाली ठेवायचं, चष्मा काढून बनियनला पुसायचा, पुन्हा डोळ्यावर चढवायचा आणि म्हणायचं, "चला, पुढची गाडी." अक्का मला म्हणायच्या, "जन्मभर माझ्यावर ओरडले, पण त्या मुडद्यावर एकदा ओरडले न्हाईत बगा."

या विषयावर आमचे वाद व्हायचे. त्यांचं म्हणणं असं की, हे मशीन बनवणाऱ्या कंपन्या हौशी लोकांच्या नादी लागल्या आणि तिथं फसल्या. हौशी माणूस हौसेनं मशीन घेतो, सणाला खेळतो आणि मग त्याच्यावर क्रोशाचा रुमाल टाकतो. मी एकदा वादात मुद्दाम त्यांच्याच घरात, म्हणजे एसटीत, शिरलो. म्हटलं, "साडभाऊ, एसटी काय रोजच्या पासवाल्यांवर चालती का? ती लग्नाच्या वऱ्हाडावर अन् जत्रेवर चालती. हौशी न्हाई आले तर डेपोला कुलूप लागल."

त्यांनी बराच वेळ सुपारी चघळली. म्हणाले, "खरं हाय. पण वऱ्हाडी माणूस जीप दिसली की पळतो. पासवाला पावसात बी स्टँडावर उभा असतो. आता मोबाइल आलाय. सगळे हौशी त्या जिपात बसून गेले का न्हाई? स्टँडावर राहिलं कोण?" आणि त्यांनी वॉचमनकडून मार खायला सुरुवात केली.

मग एका संध्याकाळी वॉचमन पडला. साडभाऊ सदरा चढवून बाहेर गेले ते पेढे घेऊनच आले. घरोघर वाटले. गल्लीला वाटलं, हैदराबादच्या सुनेला काहीतरी झालं. बायका अक्कांना विचारायला आल्या, "नात का नातू?" साडभाऊ फाटकातून पुकारले, "पूल पडला! म्हंजे पूल न्हाई, वॉचमन पडला! वाहतूक सुरू झाली!" शेजारच्या एका म्हाताऱ्यानं दुसऱ्या दिवशी खरोखर स्टँडावर जाऊन कुठला पूल पडला म्हणून चौकशी केली. लोक हसतात तो किस्सा हा. मी इथं पाणी पितो.

पुलापलीकडे त्यांचा शिपाई लांबवर गेला. शेवटचा एक दरवाजा राहिला होता. त्या सुमारास मी आणि आमची ही लातूरला होतो आणि नात्यातल्या एका मुलीचा परिणय उदगीरला होता. सगळे तिकडे गेले. माझा गुडघा धरला होता म्हणून मी एकटा घरी राहिलो. आदल्याच दिवशी जेवताना साडभाऊ लग्नासाठी मुक्कामाला आलेल्या त्यांच्या व्याह्यांसमोर म्हणाले होते, "आमचे साडभाऊ लई गुणी, पण काडीवाले. त्यांच्या हातात हे यंत्र दिलं तर ते उलटं धरतील." सगळे हसले होते आणि मीही हसलो होतो. दुपारी घर शांत झाल्यावर मी तो काळा डबा सुरू केला. त्यांच्या शिपायाला धक्का लागू नये म्हणून अगदी शहाणपणानं 'नवा खेळ' निवडला. पडद्यावर एक चौकट आली. इंग्रजीत चारदोन ओळी होत्या, खाली 'हो' आणि 'नाही'. मी 'हो' दाबलं. मोबाइलवर अशा चौकटी रोज येतात. मी सगळ्यांना 'हो'च म्हणतो. थोड्या वेळात तीनदा मेलो, कंटाळलो, मशीन बंद केलं आणि झोपलो.

ती चौकट विचारत होती की, जुना खेळ पुसला जाईल, चालेल का?

दुसऱ्या दिवशी सकाळी साडभाऊंनी मशीन लावलं तेव्हा शिपाई राज्याच्या वेशीवर, कोऱ्या चिलखतात उभा होता. पूल पुढे होता आणि वॉचमन जिवंत होता. मला आधी काही कळलं नाही, मग कालची चौकट आठवली. साडभाऊंनी आरडाओरडा केला नाही. चष्मा पुसला नाही. मशीन बंद करून ते ओसरीवर येऊन माझ्याजवळ बसले आणि मी त्यांचा कधी ऐकला नव्हता अशा, भोंग्याशिवायच्या आवाजात बोलले.

"साडभाऊ, मी तर वाचल्याबिगर कशालाच हो म्हणत न्हाई."

"न्हाई म्हणत."

"मग हे कधी दाबलं म्या? मला तर काहीच याद न्हाई." मग म्हणाले, "आमच्या थोरल्याचं बी असंच सुरू झालं होतं. पहिल्यांदा गॅस चालू ऱ्हायला. शेवटी पोरांचीच नावं पुसली गेली."

त्यांच्या भावाचे शेवटचे दिवस मी पाहिले होते. त्या क्षणी मला एकच वाक्य बोलायचं होतं. आतमध्ये व्याही चहा पीत होते, 'काडीवाले' हा शब्द अजून कानात होता. मी म्हणालो, "वय झालं, साडभाऊ. व्हायचंच थोडंफार."

खेळ पुसला गेला ती माझी चूक. हे वाक्य चूक नव्हतं, ते मी समजून उमजून बोललो.

त्या दिवसापासून काळ्या डब्यावर अक्कांनी विणलेला रुमाल आला. साडभाऊ पांढरी काडी घेऊन नातवंडांबरोबर चेंडू टाकू लागले, हरले की हसू लागले. घरात आनंदीआनंद झाला. आमची ही म्हणाली, "दाजी माणसात आले बाई एकदाचे." त्याच सुमाराला त्यांना आणखी एक खोड लागली. सकाळी उठल्याबरोबर, तोंड धुण्याआधी, ते निलंगा स्टँडाचं सगळं वेळापत्रक मोठ्यानं म्हणायचे. औराद, उदगीर, कासार शिरसी, लातूर, सगळ्या गाड्या, सगळे थांबे. घरातली पोरं त्यांची नक्कल करायची. मांडवात हा किस्साही मी सांगितला आहे आणि त्यालाही लोक हसले आहेत. ते वेळापत्रक का म्हणतात हे घरात फक्त मला ठाऊक होतं. एखादा थांबा आठवायला उशीर झाला की ते भिंतीकडे पाहत थांबायचे, आणि तो आठवला की त्यांचे खांदे खाली यायचे.

सांगायचं ठरवून मी नांदेडहून निघालो नाही असं नाही. एसटीत बसल्यावर लोह्यापर्यंत वाक्य तयार व्हायचं, अहमदपूरला त्यात कारणं शिरायची आणि लातूरला उतरेपर्यंत नुसती कारणंच शिल्लक राहायची. फाटकात साडभाऊ उभे असायचे. "नांदेड-लातूर गाडी आलेली आहे. हौशी प्रवाशांनी हातपाय धुऊन घ्यावेत."

गेल्या उन्हाळ्यात छातीच्या दुखण्यानं ते गेले. त्याआधी भेटायला गेलो तेव्हा पलंगावर होते, आवाज बसला होता. डॉक्टर अक्कांना म्हणाले होते की, फुप्फुसं थकलीत, पण आजोबांचं डोकं अजून तरण्या पोरासारखं चालतं. अक्कांनी हे त्यांना सांगितलं होतं. त्यांचा विश्वास बसला नव्हता. मला जवळ बोलावून त्यांनी हळू आवाजात वेळापत्रक म्हटलं, पहिल्या गाडीपासून शेवटच्या मुक्कामी गाडीपर्यंत, कुठंही न अडता. मग माझ्याकडे पाहिलं.

"बरोबर हाय का?"

मला त्यातली एकही वेळ माहीत नव्हती. मी म्हणालो, "बरोबर हाय."

"एक बी सुटली न्हाई?"

"न्हाई."

त्यांनी डोळे मिटले. मी त्यांचा हात हातात घेतला. ते डोळे न उघडताच म्हणाले, "बोला की, साडभाऊ. काही म्हणायचंय वाटतं." तेवढ्यात अक्का चहा घेऊन आल्या आणि मी म्हणालो, "काही न्हाई, चहा आलाय."

म्हणायचं होतं ते एवढंच होतं. साडभाऊ, ते बटण मी दाबलं, न वाचता. तुम्ही काहीच विसरला नव्हता. मला माफ करा.